सहाबारीचे रिकामे घर

वडिलांचा उजवा हात अर्धांगाने गेला, तेव्हा त्यांची सहाबारी, म्हणजे सहा काडतुसांचे पिस्तूल, विकायचे ठरले. कालवा खात्यात असताना त्यांना रात्री पाटांवरून एकट्याने फिरावे लागे, त्यासाठी परवाना मिळाला होता. तिसाव्या सालानंतरची ती वर्षे. सरकार हत्यारांबाबत कडक झाले होते. मामलेदारांनी निरोप दिला की हाताने अधू माणसाचा परवाना वाढवता येणार नाही. मुदत संपण्याआधी पिस्तूल दुसऱ्या परवानेवाल्याला विकावे, नाहीतर कचेरीत जमा करावे.

पिस्तूल चांगले होते. त्यात एकच खोट होती. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, मिटलेला असताना त्याला अडवून धरणारी आतली खाच झिजली होती. घोड्यावर बाहेरून ठोका बसला, तर त्याच्याखालचे काडतूस उडायचे. चाप ओढायची गरज नव्हती. पुण्याच्या कारागिराने नवा भाग विलायतेहून मागवावा लागेल असे सांगितले, तो कधी आला नाही. म्हणून वडील काडतुसांच्या सहा घरांपैकी पाचच भरत आणि घोडा रिकाम्या सहाव्या घरावर ठेवत. असे केले की ते निर्धोक होते. खंडेनवमीला मात्र पूजेतली वस्तू रिकामी नको, म्हणून आई त्या घरात चार अक्षता घालायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वडील त्या झटकून टाकत.

गिऱ्हाईक इंदापूरकडचे मिळाले. नरसिंहपूरच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडल्यापासून ते हत्याराच्या शोधात होते. वैशाखात ते मोटारीने बारामतीला आमच्या घरी आले. वडिलांनी पिस्तूल माझ्या हातात दिले आणि मला ते उघडून दाखवायला लावले.

"पाटील, आधी खोट बघा. मग घ्यायचं की नाही ते ठरवा," ते म्हणाले.

मी रिकाम्या पिस्तुलाच्या घोड्यावर लाकडी दस्ता मारून काडतूस उडवणारी आतली अणी कशी पुढे येते ते दाखवले. पाटलांनी ते दोनदा करायला लावले.

"म्हंजी पाचच भरायच्या."

"पाचच. घोडा रिकाम्या घरावर."

"झालं की मग! सहावा चोर आला तर त्याला म्हनू, बाबा, तू उद्या ये."

वडील हसले नाहीत. "माझं दार सोडून गेल्यावर ते कुणाच्या हाती जाईल मला ठाऊक नाही. घरात सगळ्यांना सांगा."

"सांगतो, तात्या. पोराबाळांचं घर हाय माझं. तुमी घोर लावून घिऊ नका."

कचेरीत दोघांच्या परवान्यांवर नोंद झाली. वडिलांनी डाव्या हाताने सही केली. पाटलांनी शब्द पाळला. उन्हाळा आणि पावसाळाभर त्यांच्या घरी ते पाच काडतुसांनिशी खुंटीला राहिले.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी फौजदार आमच्या घरी जबाब घ्यायला आला. घडले ते त्याच्याकडून कळले. खंडेनवमीच्या सकाळी पाटील ओसरीवर हत्यारे पुसत बसले होते. त्यांच्या आईने उघडे पिस्तूल पाहिले आणि एक घर मोकळे का म्हणून विचारले. पाटलांनी कारण सांगितले. म्हातारी म्हणाली, देवाम्होरं रिकामं ठिवू नी, सणापुरतं भर, मग काढ. पाटलांनी सहावे काडतूस घातले. पूजेला लावलेले हत्यार कोणी हाताळणार नव्हते, असा त्यांचा हिशेब होता. दसऱ्याला संध्याकाळी सोन्याला निघायच्या गडबडीत त्यांच्या कारभारणीने हत्यारांसकट पाट उचलून कोपऱ्यात न्यायला घेतला. पिस्तूल घसरून फरशीवर घोड्याच्या बाजूने आपटले. पाटलांचा धाकटा भाऊ दारात फेटा बांधत उभा होता. गोळी पोटात लागली. मोटारीत घालून बारामतीच्या दवाखान्यात आणेपर्यंत तो संपला होता.

वडिलांनी जबाबात खोटेचे सगळे सांगितले. पाटील काय म्हणतात यावर पुढचे अवलंबून होते. त्यांनी नाही म्हटले असते, तर खोट लपवून विकल्याचा ठपका वडिलांवर आला असता. आठ-दहा दिवस वडील जेवणाच्या पाटावर बसत आणि तसेच उठत.

तेरावे झाल्यावर पाटील आले. मुंडण केलेले डोके उपरण्याने झाकले होते. ते ओसरीवर आले आणि बसायच्या आधीच बोलले.

"तात्या, तुमी समदं सांगितलं व्हतं. मी तसंच लिहून दिलंय. तुमच्यावर काय यायचं न्हाय."

वडिलांनी मान हलवली. आई चहा घेऊन आली होती. तिने पेला खाली ठेवला आणि उभी राहिली.

"आम्ही सणाला त्या घरात अक्षता घालायचो," ती म्हणाली. "ते सांगायचं राहिलं."

"अक्षता?"

"चार दाणे. रिकामं नको म्हणून."

पाटील तिच्याकडे पाहत राहिले. "आन् देवाला चालायचं?"

"इतकी वर्षं चाललं."

चहावर साय धरली. पिस्तूल इंदापूरच्या कचेरीत जमा होते. पाटील ते परत मागणार का, हे वडिलांनी विचारले नाही. पाटील उठले, वहाणा घातल्या आणि पायरीवरून परत वळले.

"आई अन्न घेत न्हाय," ते म्हणाले. "म्हनती, माझ्या तोंडानं मी पोरगं मारलं. तिला हे तांदळाचं सांगू का, तात्या?"

"नको," वडील म्हणाले.