वर्खाखालचा लसूण

चाकणच्या आठवड्याच्या बाजारात गोजाबाई लसणाची पाटी घेऊन बसायची. पाटी तिची, आणि बाजारभर हिंडणाऱ्या चौकशाही तिच्याच. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेनं चूल वेगळी मांडली, पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहतोय तिथं म्हणे बुरशीचं औषध करणार, तर ती बुरशी भाकरीवरची का लोणच्यावरची? कळल्याबिगर तिला घास गोड लागायचा नाही. आणि कळलं की सांगितल्याबिगर पचायचा नाही. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, हिच्या तोंडात तो पडायच्या आधीच बाहेर यायचा. नवरा उद्धवराव म्हणायचा, "आमच्या घरात दवंडीवाला येगळा लागत न्हाई."

अशा बाईच्या डोक्यात लालमहंमदनं किडा सोडला.

लालमहंमद कागदाचं काम करायचा. ताबुतांची सजावट, गणपतीची मखरं, लग्नाची बाशिंगं. त्याच्या बाशिंगावर दोन्ही अंगाला एकेक राघू असायचा, चांदीच्या वर्खाचा. मिठाईवर लावतात तोच वर्ख, श्वास लागला तरी उडणारा. पण लालमहंमदच्या राघूचं पीस न् पीस कागदातून उगवल्यासारखं दिसायचं. पंचक्रोशीत ज्याला त्याला त्याचंच बाशिंग लागायचं.

गोजाबाईला कोडं पडलं ते राघूचं नव्हे, लसणाचं. लालमहंमदची बायको मागंच गेलेली, लेक झुलेखा सासरी. हा एकटा गडी, आणि दर बाजाराला ओंजळी भरभरून लसूण न्यायचा. तोही जाड पाकळीचा, नखानं दाबून रस बघून. बरं, खात असेल म्हणावं, तर तोंडाला वास नाही. गोजाबाईनं त्याला मुद्दाम जवळ बोलावून, बोलतं करून खात्री केलेली.

"लालभाई, एवढा लसून करता काय वो?"

"खातो."

"खोटं. आ करा बगू."

"माझं दात बगतीस? मी काय इकायला आणलेला बैल हाय?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. गोजाबाई हसली नाही. तिनं पाटीवर पदर टाकला.

"सांगा, मग लसून."

"न्हाई सांगत जा. बाजार काय तुझ्या एकलीचा हाय?"

त्यानं दुसरीकडनं घेतला. पण दुसऱ्यांचा लसूण वाळका, चेचला तर नुसता चोथा. दोन बाजार त्यानं रेटले. तिसऱ्याला मुकाट येऊन पाटीपाशी उकिडवा बसला. लग्नसराई तोंडावर आलेली.

"गोजाक्का, तू लई वंगाळ बाई हाईस."

"व्हय. सांगा."

"सांगून कळायचं न्हाई. बाजार उठला की घरी ये. पन पाटीची आन घे, हे पोटात ठिवशील."

गोजाबाईनं पाटीवर हात ठेवला. गप राहायची आण तिनं जन्मात पहिल्यांदाच घेतली.

लालमहंमदचं घर किल्ल्याच्या पडक्या तटाला लागून. ओसरीवर तांबडे, हिरवे जाड कागद पसरलेले. त्यानं लसूण सोलला, पाट्यावर चेचला, फडक्यातून पिळला. वाटीत पिवळसर, चिकट रस जमला. बोटाला लावून दोन बोटं उघडझाप केली की तार सुटायची. मग त्यानं लाकडाचा ठसा घेतला. ठशावर राघू कोरलेला, अगदी डोळ्याच्या बुबुळासकट. रसाचा बोळा ठशावर फिरवला आणि ठसा तांबड्या कागदावर दाबला. उचलला तर ओला राघू. बघता बघता तो वाळला आणि दिसेनासा झाला.

"गेला की वो!"

"गेला न्हाई. निजला."

लालमहंमदनं वर्खाचं पान कागदी घडीतून अलगद उघडून हाताशी ठेवलं. मग त्या मोकळ्या दिसणाऱ्या तांबड्या कागदावर तोंड नेलं आणि आ वासून गरम वाफ सोडली, "हाऽऽऽ". फुंकर नव्हे. फुंकर गार असते, ती इथं कामाची नाही. पोटातनं यायची ती वाफ. लगेच वर्खाचं पान त्या जागेवर उपडं केलं, कापसानं थोपटलं. सगळा कागद चांदीचा चौकोन. गोजाबाई म्हणाली, "मग राघू कुठाय?" त्यानं खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला उचलून हळू हळू फिरवला. जिथं लसूण नव्हता तिथला वर्ख चुरा होऊन उडाला. जिथं होता तिथला राहिला. चोच निघाली, मान निघाली, पंख निघाले.

गोजाबाई खाली बसली. एवढी वर्षं लसूण विकला, पण त्याच्या पोटात राघू असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता कळलं का गप ऱ्हा म्हनलो ते?" लालमहंमद म्हणाला. "माझी निम्मी गिऱ्हाइकं माळकरी. मखरं करवून नेनारी बामणं येगळीच. लसून शिवायचीबी न्हाईत. त्यान्ला कळलं देवाच्या डोक्यावर लसून हाय, तर माझं दुकान उठलंच समज."

"वास न्हाई का येत?"

"वाळला की जातो."

गोजाबाई घरी गेली, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखायला लागलं. पाण्यावर बायका भेटल्या की शब्द जिभेच्या शेंड्यावर यायचा, ती तांब्याभर पाणी पिऊन तो खाली ढकलायची. उद्धवरावानं ओव्याची फक्की आणून दिली. म्हणाला, "तू बोलंना झालीस तवा वळखलं, दुखनं साधं न्हाई."

हे असं चाललेलं असताना भोसरीहून तिचा भाऊ मारुतराव आला. पोराचं, चिमाजीचं, लग्न ठरलं होतं. चिमा तर वर्षभर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. मुलगी आकुर्डीची, घर पक्कं माळकरी. मुलीच्या आजीनं, आक्काबाईनं, एकच अट घातली होती: लग्नाच्या मांडवात कांदा-लसूण शिरायचा नाही. शिरला तर पोरगी उठून चालती होईल.

"आनि गोजे, बाशिंग आत्यानं आणायचं. लालमहंमदचंच आण. व्याह्यांनी राघूचं लई ऐकलंय."

गोजाबाई पेचात पडली. नको म्हणावं तर का नको? दुसऱ्याचं आणावं तर का दुसऱ्याचं? ती लालमहंमदकडं धावली.

"नुसता डिंक लावून बसवा की."

त्यानं तिच्यादेखत बसवून दाखवला. ओल्या डिंकात वर्ख चिंबला, राघूचं झालं घुबड. वाळल्यावर वाफ दिली तर निम्मा बसला, निम्मा सुटला.

"बेगड चिकटवा मग."

"मारुतराव म्हनल, माझ्या पोराला पत्रा लावला. गोजाक्का, वाळला की वास जातो. म्या आजवर ढिगानं बाशिंगं दिली. कुनी नाक मुरडलं न्हाई."

तिनं बाशिंग नेलं. वाटेत चारदा हुंगलं. खरंच, वास नव्हता.

लग्न भर वैशाखातलं, दुपारचा मुहूर्त. मांडवात बसल्या जागी माणूस भिजत होता. गोजाबाईनं भाच्याच्या कपाळाला बाशिंग बांधलं, सगळ्यांनी राघू बघून माना डोलावल्या. चिमाच्या कपाळावरनं घामाच्या धारा लागल्या. आणि आक्काबाईचं नाक वर झालं.

"लसनाचा वास येतोय."

 मुलीचा बाप यशवंतराव चुलखंडाकडं धावला. आचाऱ्यानं हंडे उघडून दाखवले, डाळीत हात घालून दाखवला, देवाची शपथ घेतली. तिथं काही नाही. म्हातारी काठी टेकत, हुंगत हुंगत निघाली, ती नवरदेवापाशी येऊन थांबली.

"काय खाऊन आलास रं?"

"काय न्हाई आजी. सकाळधरनं उपाशी हाय."

"हा कर."

चिमानं आ केला. म्हातारीनं हुंगलं, भुवई आकसली. तोंडाला नव्हता. मग तिचं नाक वर सरकायला लागलं. गालावर. कानशिलावर. बाशिंगाच्या राघूपासून ते चार बोटांवर आलं.

गोजाबाईच्या पोटातला शब्द उसळून गळ्याशी आला. तो एक शब्द सोडला की ती मोकळी झाली असती, आणि लालमहंमदचं दुकान संध्याकाळच्या आत उठलं असतं.

"आक्का, माझ्या हाताचा वास हाय त्यो," ती मोठ्यानं म्हणाली. "बाशिंग म्या बांधलं. लसून इकती मी चाकनला. कितीबी घासलं तरी जात न्हाई."

तिनं दोन्ही हात पुढं केले. आक्काबाईनं हुंगले. हातांना वास होताच.

"अगं भवाने!" मारुतराव कडाडला. "भावाच्या घरचं कार्य, राखेनं हात घासून यायला तुला धाड भरली हुती?"

यशवंतराव म्हणाला, "न्हाईतर काय. आत्या हाय का मसाल्याचा डबा!" मांडव हसला. हसला म्हणून वाचला. आक्काबाईनं निवाडा दिला: पोराचा दोष नाही, बाशिंग बाटलं ते सोडा, फुलांच्या मुंडावळ्या बांधा, आणि ह्या बाईला अक्षता होईस्तोवर लांब बसवा.

गोजाबाई बाशिंग मांडीत घेऊन गोठ्याच्या सावलीला जाऊन बसली. तिकडं मंगलाष्टकं चालू झाली. ती रडत बिडत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच चाललेलं. वाटेत वास नव्हता, मग आता आला कुठनं? घामानं भिजलेल्या डाव्या राघूला वास, कोरड्या उजव्याला नाही. तिनं उजव्या राघूजवळ तोंड नेलं आणि पोटातनं "हाऽऽऽ" केलं. हुंगलं. आला! निजला होता तो वाफेनं उठला. अक्षता पडल्याचा गलका झाला तेव्हा आत्याबाई बाशिंगाला वाफ देत बसल्या होत्या.

पुढच्या बाजाराला लालमहंमद आला. त्याच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. त्यानं एक पाकळी नखानं दाबून रस बघितला.

"गोजाक्का, गप ऱ्हायलीस."

"गप कुठं? खोटं बोलले." मग ती पुढं सरकली. "ते जाऊ द्या. तुमचा लसून वाळून मरत न्हाई, भिजला की जागा हुतो. म्या बगितलं. माळकऱ्यांना बाशिंग देताना सांगत जा, लगीन थंडीत काढा म्हनून."

"आनि का म्हनून इचारलं तर?"

"सांगा, वर्खाला ऊन सोसत न्हाई."

लालमहंमद हसला. मग म्हणाला, "तुला काय पायजे बोल."

"एक राघू माझ्या हातानं काढू द्या."

बाजार उठल्यावर तिनं काढला. ठसा दाबला, वाफ सोडली, वर्ख उपडा केला, कुंचला फिरवला. मान आली, पंख आले, शेपूट आलं. चोच आली नाही.

"वाफ कमी पडली," लालमहंमद म्हणाला.

"सकाळी लसनाची चटनी खाल्ली व्हती म्या. त्यानं का काय?"

लालमहंमदनं डोकं खाजवलं. उस्तादानं सांगितलं तसं तो जन्मभर करत आला होता. लसूण खाऊन मात्र त्यानं कधी वाफ दिली नव्हती, कारण लसूण त्याला अजिबात खपायचा नाही.

"बगून सांगते," असं म्हणून गोजाबाईनं पाटीतली एक गड्डी फोडली, एक पाकळी तोंडात टाकली आणि नवा कागद पुढं ओढला.