चारशेची मर्यादा

श्यामसुंदर परचुऱ्यांना कोणी काही विचारायला आलं, की ते आधी चष्मा काढून पुसत आणि विचारणाऱ्याला तेवढा वेळ उभं ठेवत. चष्मा स्वच्छच असायचा. पण कोथरूडच्या त्या कंपनीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढा तरी मान हवाच, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि परचुरे नारायण पेठेतले, त्यामुळे म्हणणं बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

कंपनी शाळांची वेळापत्रकं बनवणारं सॉफ्टवेअर करायची. चाळीसेक जण रोज कोडमध्ये बदल करत. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली, याची नोंद ठेवणारा एक सर्व्हर होता आणि तो परचुऱ्यांच्या ताब्यात होता. पुसलेली ओळसुद्धा त्यातून कायमची जात नसे, मागे जाऊन पाहिली की सापडायची. एकच भानगड होती. कोणी एखादी फाईल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तिचं नावही बदललं, तर सर्व्हरला ती एकदम ओळखू येत नसे. मग तो गायब झालेल्या प्रत्येक फाईलशी नवी आलेली प्रत्येक फाईल ताडून बघायचा. चारशे गेल्या आणि चारशे आल्या, तर एक लाख साठ हजार वेळा ताडणं.

नव्या माणसांना हे समजावताना परचुऱ्यांचा एक ठरलेला विनोद होता. "आमची ही माहेरची शर्मिला, लग्नात नीरजा झाली. आता माहेरचा जुना पोस्टमन आला आणि शर्मिला कुठंय म्हणाला, तर त्याने किती घरं हिंडायची?" लोक हसत. कितीतरी जण तर दुसऱ्यांदा ऐकूनही हसले होते.

घरं किती हिंडायची, हे परचुऱ्यांनीच २०११ साली ठरवलं होतं. तेव्हाच्या यंत्राला चारशे फायली ताडायला दहा सेकंद लागत, आणि दहा सेकंदांपुढे माणूस चुळबुळ करायला लागतो. म्हणून मर्यादा चारशे. त्याहून जास्त फायली हलल्या तर सर्व्हरने ताडायच्या भानगडीत पडायचंच नाही. जुनी मेली आणि नवी जन्मली असं समजायचं. सेटिंगच्या फाईलमध्ये त्यांनी त्या आकड्यावर पेठेला शोभेलशी सूचना लिहून ठेवली होती: "हा आकडा विचार करून ठरवला आहे. बदलणाऱ्याने आपलाही विचार आधी दाखवावा. – श्या. प."

पुढे कोड वाढलं. कधी दोन हजार फायली एकदम हलत, सर्व्हर हात झटकून मोकळा होई आणि मागचा सगळा इतिहास तुटे. मग एखादी ओळ मुळात कोणी लिहिली हे सांगणारा एकच माणूस उरायचा. "परचुरे सरांना विचार, त्यांच्याकडे कुलवृत्तान्त आहे," असं लोक म्हणत. हे वाक्य कानावर पडलं की परचुऱ्यांचा दिवस बरा जाई. चष्मा पुसून ते धागा जोडून देत, आणि सहसा बरोबर जोडून देत.

या सगळ्यात लोणी काळभोरची संस्कृती काळभोर आली. सव्वीस वर्षांची, रोज एवढ्या लांबून स्कूटरवर यायची, आल्या आल्या वडिलांना फोन करून "पोचले, सगळं ठीक हाय" असं खुशाल मोठ्याने सांगायची. परचुऱ्यांचा पोस्टमनचा विनोद तिने नीट ऐकला आणि म्हणाली, "पण सर, आता पोस्टमनला गाडी मिळालीये ना? मग त्याने जास्त घरं हिंडायला काय हरकत आहे?" आजूबाजूचे हसले. विनोदाला हसले असते त्याहून जास्त हसले.

त्या दिवसापासून ती परचुऱ्यांच्या डोळ्यांत सलायला लागली. ती भाकरीचा डबा उघडायची तर तिच्याभोवती चार जण. तिला अडलं तर ती सरळ "मला येत नाही" म्हणायची, आणि तरी कोणी तिला कमी लेखत नव्हतं. असं वाक्य परचुऱ्यांच्या तोंडून एकोणीस वर्षांत निघालं नव्हतं. पुढे तर लोक जुन्या ओळींची चौकशी तिच्याकडेही करू लागले. ती चष्मा पुसत बसत नसे, कारण तिला चष्माच नव्हता.

एके दिवशी तिने सगळ्यांना मेल पाठवली. यंत्रं सुधारत गेली तसा सर्व्हरचं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी त्यांचा मूळचा आकडा मागेच वाढवला आहे, आपला मात्र चारशेवरच आहे. मी मोजून बघते आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवते. मेल वाचून परचुऱ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आकडा वाढला की इतिहास तुटणार नाही. इतिहास तुटला नाही की कोणी विचारायला येणार नाही. आणि नव्या आकड्यासमोर नाव लागणार ते संस्कृती काळभोर. चारशेसमोर चौदा वर्षं त्यांचं नाव होतं.

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीसमोर ते अर्धा तास त्या पोरीबद्दल बोलत होते. नीरजाबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी शेवटी विचारलं, "अहो, पण तिचं चुकलंय काय?"

"चुकलं काहीच नाही. तेच तर म्हणतोय मी."

"म्हणजे तुम्हाला तिचा हेवा वाटतोय."

"पोहे खारट झालेत," परचुरे म्हणाले.

हेवा तर होताच, पण आत आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी नवा सर्व्हर आला, तेव्हा एका शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असताना परचुऱ्यांनी स्वतःच हे मोजलं होतं. अडीच हजार फायली, आठ सेकंद. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा आठ. सवयीने त्यांनी ती मोजणीची फाईल सर्व्हरवर जमाही केली. मग खुर्चीत मागे रेलून विचार केला, की हा आकडा लावला तर सोमवारी आपल्या टेबलाशी कोण येणार? त्यांनी फाईल काढून टाकली, कारणाच्या जागी "तूर्त नको" एवढंच लिहिलं आणि मूग गिळून बसले. काढलेली फाईल सर्व्हरच्या पोटात राहते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण एवढं खोल बघायला त्यांच्याशिवाय कोणी जात नाही, हेही त्यांनाच ठाऊक होतं.

सोमवारी मीटिंगमध्ये संस्कृतीने पडद्यावर आकडे दाखवले. अडीच हजार फायली, आठ सेकंद. परचुऱ्यांनी पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. त्यांचाच आकडा, त्यांचेच आठ सेकंद, आणि कौतुकाच्या माना हलत होत्या तिच्यासाठी. "आधीचा आकडा त्या वेळच्या मशीनसाठी एकदम करेक्ट होता," ती म्हणाली. "जुनं मशीन गोडाऊनमधून काढून मी त्याच्यावर पण चालवून बघितलं. साडेतीनशेला काही वाटत नाही, साडेचारशेला कंटाळा येतो. चारशे परफेक्ट आहे." एवढं नेमकं कौतुक परचुऱ्यांचं आजवर कोणी केलं नव्हतं. पण ते तिने केलं, म्हणून त्यांना गोड लागलं नाही.

कादंबरी मॅडम त्या विभागाच्या प्रमुख. त्या परचुऱ्यांकडे वळल्या. "सर, नवा सर्व्हर आल्यावर आपण हे कधी मोजलं होतं का?"

संस्कृती बोलायची थांबली. पुढचं पान उघडायला तिचा हात माऊसवर होता, तो तसाच राहिला. ती परचुऱ्यांकडे बघत होती. परचुऱ्यांना वाटलं, बघा, पोरगी टपूनच बसली आहे. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तीन वर्षं बोलला का नाहीत? त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

"नाही," ते म्हणाले. "मला गरज वाटली नाही. आपल्याला वाटली असेल, तर आपण मोजावं."

"मग झालं तर," कादंबरी मॅडम म्हणाल्या. "संस्कृती, आजच लावून टाक."

संस्कृतीने ते पुढचं पान उघडलंच नाही. लॅपटॉप मिटला आणि निघून गेली.

दुपारी आकडा बदलला. नेहमीप्रमाणे बदलाची नोंद परचुऱ्यांच्या पडद्यावर आली. बदल करणारी व्यक्ती: संस्कृती काळभोर. बाकी कोणाचं नाव नाही. ठसठशीत अक्षरात ते एकटंच नाव बघून त्यांचा जळफळाट झाला. चौदा वर्षं तो आकडा सांभाळलेल्या माणसाचा नुसता उल्लेख करायलाही या पोरीचा हात जड झाला? संध्याकाळी पार्किंगमध्ये ती हेल्मेट चढवत असताना ते मुद्दाम तिच्याजवळ थांबले.

"अभिनंदन. एकटीने मोठंच काम केलंत आपण."

टोमणा तिला कळला. तिने हेल्मेट काढून हातात धरलं. "सर, तुमची मोजणी मी बघितली होती. ती 'तूर्त नको' लिहिलेली. माझ्यापेक्षा चांगली आहे ती. तुम्ही पाच वेळा मोजलंय, मी दोनदाच."

परचुऱ्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"शेवटच्या पानावर मी तेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "मूळ मोजणी श्यामसुंदर परचुरे, फेरतपासणी संस्कृती काळभोर. सर्व्हरवर टाकायच्या नोंदीत पण तसंच घातलं होतं, तुमचं नाव वर. मॅडमनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही स्वतःच सांगाल. तुम्ही सगळ्यांसमोर नाही म्हणालात, मग मी ते नाव ठेवणार कसं? जेवणाच्या सुट्टीत बसून काढलं."