तेराबोने दिलेली जागा

आमच्या बेरू बेटावर परका माणूस उतरला की त्याची पहिली गाठ नेई तेराबोशी पडायची. नेई म्हणजे बाई. आम्ही बाईच्या नावाआधी ते लावतोच. कौन्सिलचं पाहुणेघर तिच्याकडे होतं. दोन खोल्या, चहूबाजूंनी वारा आणि मागे थोडी खारट लागणारी विहीर. पाहुण्याला ती चटईवर बसवायची, माडाची ताजी नीरा हातात द्यायची आणि तो पिऊन संपवेपर्यंत सगळं सांगून टाकायची. पाणी उकळूनच पी. सभेच्या मंडपात म्हाताऱ्यांसमोरून जाताना कंबरेत वाकून जा. दुकानात साखर असेल तर घेऊन ठेव, उद्या नसेल. विमान मंगळवारी येतं, म्हणजे ज्या दिवशी येतं त्याला आम्ही मंगळवार म्हणतो. आणि शेवटी, अगदी गंभीर चेहऱ्याने, "कुणाच्या घरी काही आवडलं तर मनात ठेव. तोंडाने बोललास तर ती बाई तुला ते देऊन टाकील आणि स्वतः भुईवर निजेल."

पाहुणे हसायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. आमच्यात नात्यातल्या माणसाने येऊन मागितलं तर नाही म्हणत नाहीत. होडी मागोत, सदरा मागोत, कुणी पोटचं पोरही मागतं. याला बुबूती म्हणतात. मी तारावाची, राजधानीतली. तिथे लोक पेट्यांना कुलपं लावायला शिकलेत. लग्न होऊन इथे आले त्या वर्षी नवऱ्याच्या मावशीने माझं शिवणयंत्र मागून नेलं आणि मी दोन दिवस रडले. तेराबोने तेव्हा माझी समजूत काढली नाही. म्हणाली, "रड. पण दाराआड रड. ती ऐकेल तर परत आणून देईल, मग तिला गावात तोंड दाखवता येणार नाही." पुढे वादळात आमचं छप्पर उडालं, तेव्हा मी मागितलं आणि संध्याकाळच्या आत झावळ्या अंगणात येऊन पडल्या. तेव्हा कळलं.

तेराबोला एकच मुलगा, बाउरो. त्याचा बाप समुद्रात गेला तो परतलाच नाही. बाउरो परदेशी जहाजांवर खलाशी होता, मग तारावाला घर केलं, बायको केली, मुलगी झाली. राकेरा तिचं नाव. दोन वर्षांची झाली तरी आजीने तिला पाहिलं नव्हतं, कारण बोट नादुरुस्त होती आणि विमानात जागा मिळत नव्हती. त्यातच न्यूझीलंडला राहायला जाण्याच्या सोडतीत बाउरोचं नाव निघालं. तो बायकोमुलीला घेऊन कायमचा चालला होता, शुक्रवारी. त्याच्या आधीचं विमान एकच, मंगळवारचं. त्यात तेराबोला जागा मिळाली तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला. तिने मासे सुकवले, फुलं घालून खोबरेल कढवलं, केवड्याच्या पातीची एक छोटीशी चटई विणली, राकेराच्या मापाची. माप तिला ठाऊक नव्हतं. मला विचारायची, "दोन वर्षांचं पोर एवढं असतं ना गं?" आणि हवेत हात धरायची.

रविवारी प्रार्थनेनंतर नेई अकेनेते आली. ती तेराबोची मावसबहीण. मी तिथेच नारळ खवत होते. अकेनेतेच्या नवऱ्याचा, तेबानोचा, पाय साखरेच्या रोगाने काळा पडत चालला होता. त्याला तारावाच्या इस्पितळात न्यायचं होतं, त्याच्यापुरती जागा झाली होती, पण त्याला उभंही राहता येत नव्हतं. अकेनेते बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिली. तेराबोने नीरा दिली, ती प्यायली नाही.

"तेराबो, मी मागायला आलेय."

"माग."

"तुझी मंगळवारची जागा."

तेराबो माशाची खवलं काढत होती. तिने ती पुरती काढली, मासा पाण्यात बुडवून काढला. मग "हो" म्हणाली.

अकेनेते गेल्यावर मी तेराबोच्या अंगावर धावूनच गेले. पाहुणेघरात तेव्हा प्रवाळ मोजायला आलेला एक उंच, उन्हाने नाक सोललेला डॅनिश पोरगा होता. त्याचीही जागा त्याच विमानात होती. म्हटलं, त्याच्याकडे माग, एक आठवडा थांबला तर काय मोठंसं.

"त्याच्याकडे कसं मागू? त्याला नाही म्हणता येतं."

"मग म्हणू दे की. विचारायला काय जातं?"

"नाही म्हणाला तर उद्या सकाळी त्याला भाकरी कशी वाढू?" ती म्हणाली. "आणि हो म्हणाला, तर तो दयेने म्हणेल. मी त्याची कोण लागते?"

यापुढे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मंगळवारी विमान आलं. इथे माणसालाही सामानासकट काट्यावर उभं करतात. तेबानो अंगाने आडवा, त्याला दोघांनी धरून काट्यावर चढवलं आणि वजन जास्त भरलं. तेराबोने बाउरोसाठी दिलेलं बोचकं उतरवावं लागलं. मासे, तेल, सगळं. चटई तेवढी अकेनेतेने काखेत मारली. विमान उडालं. तेराबो बोचकं उचलून घरी आली आणि तिने ते मासे आम्हा शेजारणींना वाटले. फार छान सुकले होते. आम्हाला ते गिळवेनात.

अकेनेते नवऱ्याला घेऊन परतली ती तीन-चार महिन्यांनी. पाय गुडघ्याखालून कापला होता, पण माणूस जिवंत होता. दुसऱ्याच दिवशी ती तेराबोकडे आली.

"आता तू माग."

"राकेराला पाहिलंस ना? सांग."

अकेनेते त्या गुरुवारी, बाउरो निघायच्या आदल्या संध्याकाळी, इस्पितळातून धावतपळत त्याच्या घरी जाऊन आली होती. तिने सांगितलं. सामान बांधलेलं होतं, बाउरो रडला, पोर झोपलेली होती, केस कुरळे, रंग बापाचा. चटई तिच्या अंगाखाली घातली. एवढंच.

चार दिवसांनी तेराबोने पुन्हा मागितलं. मग पुन्हा. मागितलं की द्यायचं, आणि अकेनेतेजवळ द्यायला नवं काही नव्हतं. मग झोपलेली राकेरा हळूहळू जागी होऊ लागली. आधी डोळे उघडले, मग उठून बसली, पुढे पुढे चटईवर नाचली आणि आजी कुठेय म्हणाली. मी अकेनेतेला विहिरीवर गाठलं. "अगं, पोर झोपली होती म्हणालीस ना?"

"मग काय देऊ तिला?" अकेनेते म्हणाली. "माझ्याकडे झोपलेलीच आहे."

असं वर्षानुवर्षं चाललं. बाउरो नाताळात कौन्सिलच्या रेडिओवर बोलायचा, खरखर जास्त आणि बोलणं कमी. मग तेही थांबलं. तेराबो पाहुण्यांना पाणी उकळायला सांगत राहिली. संध्याकाळी अकेनेते यायची, आणि आम्ही बाकीच्या बायका पाती सोलत गप्प बसायचो, कारण राकेरा आता शाळेत जात होती, घोड्यावर बसत होती.

गेल्या पावसाळ्यात तेराबोने अंथरूण धरलं. दुपारची वेळ होती, मी वारा घालत होते. अकेनेते आली, तिच्या पायाशी बसली. तेराबो म्हणाली, "सांग."

अकेनेते खाली बघून म्हणाली, "ती झोपली होती, तेराबो. मी तेवढंच पाहिलं. उठली नाही ती."

"ठाऊक आहे," तेराबो म्हणाली. मग तिने विचारलं, "कुठल्या कुशीवर?"

अकेनेतेने डोळे मिटून घेतले. "डाव्या," ती म्हणाली. "हात गालाखाली होता."

इतक्या वर्षांत हे तिने एकदाही सांगितलं नव्हतं.