ओळख दिली बघ

डबिंगच्या काचेच्या खोलीत उभ्या असताना ताई मध्येच उजवा हात वर करायच्या. तळवा काचेकडे, बोटं जुळलेली, चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखा. मग हेडफोन एका कानावरून मागे सरकवून म्हणायच्या, "थांब रे जरा. ओळख दिली बघ."

रेकॉर्डिस्ट चित्र थांबवायचा. पडद्यावर कुणी परदेशी बाई स्वयंपाकघरात उभी राहून रडत असायची. आम्ही तिच्याकडे बघायचो.

"तिच्याकडे नका बघू. मागे बघा, फ्रिजवर."

फ्रिजवर लहान मुलाने काढलेलं चित्र चिकटवलेलं असायचं आणि त्या चित्रात कंदील घेतलेला एक वाटसरू. एवढंच. ताईंचा चेहरा मात्र असा खुलायचा, की रस्त्यात शाळेतली मैत्रीण भेटली असावी.

हा वाटसरू एका व्हिडिओ गेममधला. त्या गेमचे भागांवर भाग निघाले आणि जगभरची पोरं ते खेळत मोठी झाली. पाण्यात बुडालेलं एक शहर, त्यातून कंदील घेऊन एकट्याने चालत जायचं, असा तो खेळ. पुढे ही पोरं सिनेमे काढायला लागली, मालिका लिहायला लागली, आणि आपल्या कामात कुठेतरी त्या गेमची खूण ठेवायला लागली. कधी भिंतीवरचं चित्र, कधी शिट्टीवरची धून, कधी एखादं वाक्य. गोष्टीशी त्याचा काही संबंध नसतो. खेळलेल्याला कळतं, बाकीच्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जातं. इंग्रजीत त्याला काही नाव असेल. ताई म्हणायच्या, "ओळख दिली." तुम्ही-आम्ही रस्त्याने जाताना ओळखीचं माणूस दिसलं की मान हलवतो, थांबत नाही, तसं.

आमचा स्टुडिओ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. खाली स्प्रिंगा बनवण्याचा कारखाना, वर आम्ही. मी परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहितो. ताई त्यातल्या सगळ्या वयस्क बायका बोलायच्या. आया, सासवा, चेटकिणी, राण्या, तुरुंगाच्या अधिकारी. साठी उलटलेली, डोंबिवलीहून यायच्या, खांद्याच्या पिशवीत ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास. नवीन आलेलं कुणी 'मावशी' म्हणालं की लगेच अडवायच्या. "ताई म्हण. मावशी म्हटलं की म्हाताऱ्याच वाट्याला येतात." ताई म्हटलं तरी म्हाताऱ्याच यायच्या, ही गोष्ट वेगळी.

त्यांचा आवाज घराघरांत होता. पण स्टुडिओखालच्या टपरीवर चहा पिताना मागच्या रेडिओवर त्यांचीच जाहिरात लागली, तरी चहावाला त्यांनाच म्हणायचा, "मॅडम, जरा बाजूला सरका."

या गेमच्या नादाला त्या माझ्यामुळे लागल्या असं म्हणता येईल. एका मालिकेत म्हातारी शेजारीण दार उघडते आणि दारातल्या मुलाला म्हणते, "कंदील वर धर, तुझं तोंड दिसू दे." मुलाच्या हातात कंदील नसतोच, दप्तर असतं. मला ते वाक्य विचित्र वाटलं, पण तसंच ठेवलं. ताईंनी ते म्हटलं आणि मुलाचा आवाज देणारी मुलगी फिसकन हसली. रेकॉर्डिस्टही हसला.

"काय झालं? चुकले का मी?"

"नाही हो ताई. ते गेममधलं आहे. सुरुवातीला होडीवाली बाई असंच म्हणते."

"कुठल्या गेममधलं?"

मुलीने सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी बोलले, तुम्हाला कळलं, आणि मलाच नाही कळलं?"

त्या दिवशी त्यांनी थर्मास उघडलाही नाही. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "लेखक, आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलले. पण काय बोलतेय ते माहीत असायचं रे."

पुढच्याच आठवड्यात त्या डोंबिवलीत स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या आणि टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल मागितला. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?"

"नातू नाहीये. मलाच हवाय."

"तुम्हाला?"

"का? वयाचा दाखला लागतो?"

हे त्या रंगवून सांगायच्या, दुकानदाराच्या आवाजासकट.

त्यानंतर कित्येक दिवस सकाळी स्टुडिओत शिरताना त्यांची बातमी ठरलेली असायची. "काल पुलावरून पडले." "काल त्या पाणसापाने गिळलं." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. पण नाद सोडला नाही. अंगठे दुखायला लागले म्हणून बाम चोळून यायच्या आणि सगळ्या बूथला वास यायचा.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलोय. ताई आणि त्यांची बहीण, दोघी जन्मभर त्या घरात एकत्र राहिल्या. लग्नं दोघींचीही झाली नाहीत. धाकटी बँकेत होती, ती आधी गेली. तिच्या पलंगावर आता कन्सोलचा खोका आणि वायरी होत्या. ताई त्याच पलंगाच्या कडेला बसून खेळायच्या. मला दाखवायला म्हणून त्यांनी गेम लावला. बुडालेल्या गल्ल्या, निळसर पाणी, आणि त्यातून कंदील घेऊन चाललेल्या ताई. समोरून दुसरा एक कंदील आला. तो जगात कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस होता. या गेममध्ये बोलता येत नाही. भेटलात तर कंदील दोनदा वर करायचा आणि आपापल्या वाटेने जायचं. ताईंनी दोनदा कंदील उचलला. त्यानेही उचलला.

"कोण असेल?" मी विचारलं.

"काय माहीत. हेच बरं आहे." त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "घरी कोण कोण असतं, असं कोणी विचारत नाही."

मग मला चहा केला. कप काढताना त्यांनी दोनाऐवजी तीन काढले आणि एक परत ठेवला.

नंतर त्यांना सगळीकडेच खुणा दिसायला लागल्या. बिस्किटाच्या जाहिरातीत, कार्टूनमध्ये, एका हिंदी सिनेमाच्या गाण्यात मागे नाचणाऱ्याच्या शर्टावर. दुपारी मला मेसेज यायचा, "आत्ता दोन नंबरच्या चॅनलवर ओळख दिली." मी कामात असायचो. अंगठ्याचं चित्र पाठवून द्यायचो.

एकदा आम्ही घरचे सगळे कल्याणला सिनेमाला जाणार होतो, तर त्यांनाही नेलं. भुयारातल्या प्रसंगात नायकाने हातातला टॉर्च उगाच दोनदा वर केला. कुणाचंच लक्ष नव्हतं. ताईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं, माझ्या मुलीने खुर्चीत अंग चोरलं. आणि तेवढ्यात पार खालच्या टोकाकडून, अंधारातून, आणखी एकाच माणसाच्या टाळ्या आल्या.

सिनेमा सुटल्यावर ताई दाराशी उभ्या राहिल्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. कॉलेजची पोरं गेली, जोडपी गेली, एक टक्कल पडलेले गृहस्थ गेले. आत झाडू सुरू झाला.

"चला ताई," बायको म्हणाली.

"हो गं. दुसऱ्या दाराने गेला असेल."

ताईंचा आवाज बसायला लागला तो त्या वर्षीच्या थंडीत. आधी ज्येष्ठमध वाढला, मग वाफारे. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ताईंनी आम्हाला सांगताना सुट्टी मागावी तसं सांगितलं. "ऑपरेशनच्या आधी एक काम होईल माझ्याकडून. मोठं काही असेल तर बघा."

एक ॲनिमेशनचा सिनेमा होता. त्यात आंधळी होत चाललेली राणी शेवटी आपल्या मुलीला ओळखू पाहते आणि म्हणते, "कंदील वर धर, तुझं तोंड दिसू दे." तीच ओळख. पण चित्रपटवाल्यांकडून निरोप आला की मराठी प्रेक्षकाला हे कळणार नाही, साधं वाक्य घ्या, 'जवळ ये बाळा' वगैरे. मी बदलून दिलं. आमच्या धंद्यात वाद घालायचा नसतो.

ताईंनी बूथमधून हात वर केला. "हे काय लिहिलंयस?"

"त्यांना तसं हवंय, ताई. लोकांना कळणार नाही म्हणतात."

"ज्याला कळेल त्याला कळू दे ना. एकाला कळलं तरी बास आहे." आवाज चिरत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "बाकीच्यांना काय, म्हातारी लेकीचं तोंड बघतेय एवढं कळेलच की."

शेवटी दोन्ही घेतलं. आधी 'जवळ ये बाळा' एका दमात. मग ते दुसरं. दुसऱ्याला त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि डोळे मिटले. चिरलेला आवाज राणीला शोभून गेला. रेकॉर्डिस्टने पुन्हा घ्यायचं का म्हणून विचारलं नाही. दोन्ही फाइली पाठवल्या. चित्रपटवाल्यांनी कुठली ठेवली ते आम्हाला कुणी कळवलं नाही.

ऑपरेशननंतर पुण्याचा भाचा घेऊन जायला तयार होता. ताई गेल्या नाहीत. घर बंद करून खडवलीला नदीजवळच्या वृद्धाश्रमात राहिल्या. कन्सोल बरोबर नेला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. त्या मोबाइलवर टाइप करून पडदा माझ्याकडे वळवायच्या.

"खेळता की नाही?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं, "खोलीत नेट येत नाही. कोणी भेटत नाही. नुसतं पाणी."

एका रविवारी गेलो तेव्हा हॉलमध्ये टीव्हीसमोर सगळ्या बायका प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या. लागलेला होता तोच ॲनिमेशनचा सिनेमा. कुणाची तरी नात सकाळी भेटायला आली होती, तिने लावला आणि तसाच राहिला. राणी बोलत होती, म्हणजे ताई बोलत होत्या, आणि ताई मागच्या रांगेत गळ्याभोवती मऊ रुमाल बांधून गप्प बसल्या होत्या.

"ही थेरडी फार बोलते बाई," पुढची एक आजी म्हणाली.

ताईंचे खांदे हलले. हसत होत्या. मी शेजारी बसलो.

शेवटचा प्रसंग आला. आता कळणार होतं, कुठली फाइल ठेवली ते. "कंदील वर धर," टीव्हीतला चिरलेला आवाज म्हणाला, "तुझं तोंड दिसू दे."

औषधांचा ट्रे घेऊन एक नर्स भिंतीकडेने चालली होती. पस्तिशीची, आसनगावकडची. तिने चालता चालता, टीव्हीकडे न बघता, मोकळा हात दोनदा वर केला आणि स्वतःशीच हसली.

ताई खुर्चीतून उठल्या. त्यांनी हात वर केला. दोनदा.

नर्स जागीच थांबली. "आजी? तुम्ही खेळता काय हा गेम?"

ताईंनी मान हलवली.

"खरंच? अहो, आम्ही नर्सिंगच्या होस्टेलला असताना रूमवर पोरी मिळून खेळायचो. तो पूल पार झालाय का तुमचा?"

ताईंनी हाताने दाखवलं, केव्हाच. नर्सने ट्रे सरळ खिडकीत ठेवला आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. मला राहवेना. म्हणालो, "सिस्टर, हा आत्ताचा राणीचा आवाज आहे ना, तो—"

ताईंनी माझं मनगट धरलं. घट्ट. नर्स गेल्यावर त्यांनी टाइप केलं, "राहू दे. खेळणारी भेटली मला."

पुढे ती ड्यूटी संपल्यावर आपल्या मोबाइलचं नेट ताईंच्या कन्सोलला द्यायची आणि तासभर शेजारी बसायची. ताईंचे मेसेज पुन्हा यायला लागले. "आज कंदीलवाले खूप." एकदा नुसतंच, "गर्दी." ते पावसाळाभर चाललं. दिवाळीच्या सुमारास दुखणं परत आलं आणि ताई झोपेतच गेल्या.

मी गेलो तेव्हा भाचा सामान बांधत होता. कन्सोल त्याने नर्सला देऊन टाकला. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"आजी आधी काय करायच्या हो? मी कधी विचारलंच नाही."

आता मनगट धरणारं कुणी नव्हतं. मी सांगितलं. त्या राणीचंही सांगितलं.

"मग बोलायच्या कशा? म्हणजे रोजचं. चहा घ्या, बसा, असं?"

मी मोबाइल काढला. इतकी वर्षं एकत्र काम केलं, त्यांच्या आवाजातलं काहीतरी असणारच. चेटकीण होती, दोन सासवा होत्या, न्यायाधीश होती. ताईंचे मेसेज तर सगळे लिहिलेलेच. शोधता शोधता अंगठा चुकून ताईंच्याच एका जुन्या कामावर पडला आणि एक जाडसर, संथ बाई बोलायला लागली, "घाई करू नका मुलांनो, समुद्र कुठे पळून जात नाही."

नर्सने कान जवळ आणला. डोळे भरले होते तिचे.

"ह्याच का त्या?"

"नाही," मी म्हणालो. "हे कासव आहे."