चंचलबाईंची टोगोला जायची तयारी

धरणगावच्या चंचलबाई ओस्तवाल यांनी नवरा गेल्यावर कापडाचं दुकान एकटीनं चालवलं. आता पासष्टी उलटली होती. मुलगा पुनीत पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्याशा देशात भांड्यांचं दुकान चालवायचा. आईला तिकडे न्यायचं तो दरवर्षी ठरवायचा आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं.

यंदा मात्र तिकीट निघालं. विमानातलं कांदा-लसणाचं जेवण चालायचं नाही म्हणून बाईंनी खाखरे भाजून ठेवले. टोगोत जायला सक्तीची असलेली पिवळ्या तापाची लस घ्यायला त्या पुतण्याबरोबर मुंबईला गेल्या. "या वयात त्रास होऊ शकतो, विचार करा," असं डॉक्टर म्हणाले, तरी त्यांनी दंड पुढे केला. घरी आल्या त्या तापानं फणफणतच.

ताप उतरतो न उतरतो तोच पुनीतचा फोन आला. "मम्मी, अचानक दुकान हलवावं लागतंय. माझी फार धावपळ होणार. दिवाळीनंतर बघू या का?"

बाईंना रागसुद्धा आला नाही. पलंगावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "नाही रे. पुन्हा एवढं सगळं करायचं त्राण माझ्यात नाही. मी याच तिकिटावर येते. तू तुझं दुकान हलव, मी घरात पडून राहीन."

पुनीत हळूच म्हणाला, "ये. विमानतळावर मीच घ्यायला येतो."

फोन ठेवून बाई आडव्या झाल्या. बॅग अजून भरायची होती, पण त्यांचे डोळे मिटत होते आणि त्यांनी ते मिटू दिले.