दुसरी मोटर आज उघडायची नाही

आमचे फिटर गांगुर्डे काका यांनी दुसऱ्या मोटरच्या कव्हरला पाना लावला आणि मी म्हणाले, "काका, ही आज उघडायची नाही."

ओझरच्या पुढे एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी मेंटेनन्स इंजिनियर आहे. एक्स्पोर्टची द्राक्षं आमच्याकडे थंड होतात आणि मग कंटेनरमध्ये चढतात. थंडावा देणारे कॉम्प्रेसर दोन. एक चालतो, दुसरा स्टँडबाय, म्हणजे पहिला बसला की कामाला येणारा. सीझनच्या आधी दोन्हींच्या मोटरची बेअरिंग एकाच दिवशी बदलायची, नारळ फोडायचा आणि पेढे वाटून मोकळं व्हायचं, हा आमचा रिवाज. मला तो पहिल्यापासून खटकायचा. त्या दिवशी पहिल्या मोटरची बेअरिंग सकाळीच बदलून झाली होती.

प्लँट मॅनेजर देवरे साहेब तणतणत आले. "मॅडम, फिटर आलाय, सामान आलंय. माल सुरू झाला की मी शटडाऊन देणार नाही."

"शटडाऊन नकोच, साहेब. एक चालू असताना दुसरी उघडता येते. पण एकाच दिवशी, एकाच लॉटची बेअरिंग दोन्हीत घातली आणि तीच खराब निघाली, तर दोन्ही एकदम बसतील. मग स्टँडबाय कसला?"

काका दुखावले. "म्हंजी माझ्या हातावर भरवसा नाय म्हना की."

"हातावर आहे, काका. दुकानातून आलेल्या मालावर नाही."

दुसरी मोटर जुन्या बेअरिंगवर ठेवण्याची जबाबदारी माझी, असं साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी सही केली. तिची थरथर मी मीटर लावून मोजली होती, ती मर्यादेत होती. शिवाय दर सोमवारी तासभर तिला लोडवर चालवायचं, असं शेड्यूलमध्ये घातलं. नुसती पुसून ठेवलेली मोटर ऐन वेळी फिरेलच, हे कुणी सांगावं?

सीझनच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, सगळे चेंबर खच्चून भरलेले असताना पहिली मोटर करकरली आणि ट्रिप होऊन बंद पडली. निफाडच्या सुमनताईंच्या अख्ख्या बागेचा माल आत होता. त्या कागद करायला ऑफिसात थांबल्या होत्या, आवाज थांबताच धावत आल्या. "बंद पडलं का ओ, मॅडम?"

"दुसरं आहे, ताई," मी म्हणाले आणि काकांना खूण केली.

काकांनी बटण दाबलं. जुन्या बेअरिंगवरची ती मोटर एका दमात फिरली. चेंबरचं टेंपरेचर अर्धा अंश चढलं, थांबलं आणि खाली यायला लागलं. सुमनताईंनी डोळे पुसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

काकांनी पहिली मोटर उघडली. नव्या कोऱ्या बेअरिंगचा चुरा झाला होता. मग त्यांनी स्टोअरमधून त्याच लॉटचं दुसरं बेअरिंग आणलं, बोटानं फिरवून कानाशी धरलं. तेही खरखरत होतं.

"हे दोन्हीत बसवलं असतं ना, मॅडम, तर आज समद्या द्राक्षांचे मनुके झाले असते," काका म्हणाले. "तुमचं लय बरोबर होतं."

परवा एक मोठा कस्टमर प्लँट बघायला आला. देवरे साहेब त्याला छाती फुगवून सांगत होते, "जोडीतल्या मशिनी आम्ही कधीच एका दिवशी उघडत नाही. माझा नियमच आहे तसा."

मी मान डोलावली. नियम साहेबांचा झाला की तो कुणी मोडत नाही.