द्वारकाबाईनं अडवलेली बारव

द्वारकाबाईचा जन्म रझाकारीच्या सालातला. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती आईच्या पोटात होती की पाळण्यात, हे तिच्या माहेरी कुणालाच धड सांगता यायचं नाही. त्या पळापळीत तिथी कोण ध्यानात ठेवतो! पुढं लग्न होऊन ती पडेगावच्या पलीकडं, दौलताबादच्या वाटेला असलेल्या बोरमाळ वस्तीवर आप्पासाहेबांची धाकटी सून म्हणून आली. घर खाऊनपिऊन सुखी होतं. नवरा बद्रीनाथ अबोल, कामाचा गडी. सासरे आप्पासाहेब म्हणजे वस्तीचा शब्द. त्यांच्यापुढं सुनांचा पदर कपाळाखाली असायचा आणि आवाज चुलीपलीकडं जायचा नाही.

वस्तीला पाणी एकाच बारवेचं. दगडी पायऱ्या उतरून बाया पाण्यात गुडघाभर शिरायच्या आणि घागरी भरायच्या. उन्हाळा लागला की वस्तीत नारू निघायचा. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पोटरीला फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज जरा जरा ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून सडायचा. आग शमावी म्हणून लोक पाय बारवेत सोडून बसत. गार पाणी लागलं की जिवात जीव यायचा. बापजाद्यांपासून असंच चालत आलं होतं.

एका उन्हाळ्यात द्वारकाबाईच्या थोरल्या जावेला, आवडाबाईला, टाचेत नारू निघाला. घरात लगीनघाई होती. आवडाबाईनं कंटाळून तो हिसका देऊन ओढला आणि तो आतच तुटला. पाय भोपळ्यासारखा सुजला, मग अंग धनुष्यासारखं वाकायला लागलं. बैलगाडीत घालून तिला औरंगाबादला घाटीच्या दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. तिची दातखीळ बसली ती सुटलीच नाही. द्वारकाबाईच्या मांडीवर डोकं ठेवूनच ती गेली.

त्या दवाखान्यातच उमा देगलूरकर नावाच्या डॉक्टरीणबाईंनी द्वारकाबाईला पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या वस्तीवर पाणी कुठलं पितात?"

उमाबाई नारूचाच अभ्यास करत होत्या. पाऊसकाळ सरल्यावर त्या जीप घेऊन वस्तीवर आल्या आणि त्यांनी पारावर सगळ्यांना उलगडून सांगितलं. नारू निघालेला पाय पाण्यात बुडाला की किडा पाण्यात पिल्लं सोडतो. ती पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी न गाळता प्यालं की वर्षभरानं पिणाऱ्याला नारू निघतो. बारवेत औषध न टाकता, नुसतं पाणी गाळून आणि दुखरे पाय बाहेर ठेवून नारू थांबतो का, हे त्यांना बघायचं होतं. घरोघरी त्यांनी घागरीच्या तोंडाला बांधायला बारीक विणीचं फडकं दिलं.

"थांबंल का पन?" द्वारकाबाईनं त्यांना एकटं गाठून विचारलं.

"थांबायला पाहिजे. पण इथं थांबतो का, ते अजून मला माहीत नाही. आणि एक सांगते, येत्या उन्हाळ्यात नारू निघणारच. ते पाणी आधीच पोटात गेलंय. फडक्याचा गुण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कळेल."

एवढं धीराचं कोण ऐकून घेणार! आणीबाणीतल्या नसबंदीची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेली नव्हती. फडक्याला कसलं तरी औषध चोळलंय, पोरंबाळं व्हायची बंद होतील, अशी कुजबुज सुरू झाली. दगडाबाई नावाच्या शेजारणीनं आपलं फडकं सरळ चुलीत घातलं. द्वारकाबाईनं मात्र घागरीला फडकं बांधलं, आणि तिचं बघून हळूहळू बऱ्याच घरांनी बांधलं. उमाबाईंनी बारवेवर लक्ष ठेवायला कुणी तयार आहे का विचारलं. द्वारकाबाई म्हणाली, "म्या बसते." हे शब्द तोंडातून कसे निघाले, तिचं तिलाच कळलं नाही.

उन्हाळा आला आणि डॉक्टरीणबाई बोलल्या तसंच झालं. घराघरात नारू निघाला. "फडकं बांधलं, काय झालं?" बाया तोंडावर विचारू लागल्या. द्वारकाबाई सकाळपासून पायरीवर बसून असायची. दुखऱ्या पायाचं कुणी आलं की त्याला वरच बसवायची, घागर भरून त्याच्या पायावर पाणी ओतायची. काहीजण ऐकत, काहीजण शिव्या देत. पुंजाराम नावाचा म्हातारा तर तिची पाठ वळली की पाण्यात उतरायचा.

आणि मग खुद्द आप्पासाहेबांच्या घोट्याला फोड आला.

दोन दिवस त्यांनी दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी ऐन पाण्याच्या वेळी, बायांची गर्दी असताना, ते काठी टेकत बारवेवर आले. फोड फुटला होता. कपाळावर घामाचे थेंब होते. बाया पदर सावरत बाजूला झाल्या. आप्पासाहेब पायऱ्या उतरू लागले आणि समोर द्वारकाबाई उठून उभी राहिली.

"सरक, द्वारके."

"मामंजी, वरच बसा. म्या पानी घालते पायावर. लागंल तेवढं घालते."

सासऱ्याशी ती तोंडावर बोलायची ही पहिलीच खेप.

"ह्या पायऱ्या मह्या आज्यानं बसविल्या," आप्पासाहेबांचा आवाज थरथरत होता, रागानं की कळेनं, कोण जाणे. "आन् तू मला इथं अडविती?"

"तुमची आग मला दिसती, मामंजी. पन पाय पान्यात नाय जाऊ देनार."

आप्पासाहेबांनी काठी उचलली. ती हवेतच राहिली. सुनेवर हात टाकायची त्या घराची रीत नव्हती. त्यांनी वर बघून हाक मारली, "बद्र्या! तुही बायको उचल इथून!"

बद्रीनाथ वरच्या पायरीवर उभा होता. तो सावकाश खाली आला. त्यानं तिचं मनगट धरलं, घट्ट धरलं. नवऱ्यानं ओढलं असतं तर तिच्यात उभं राहायची ताकद नव्हती. ती त्याला हळूच म्हणाली, "आवडाबाईंची दातखीळ तुमीच उलथन्यानं उघडू पाहिली व्हती. ध्यानात हाय ना?"

बद्रीनाथची पकड ढिली झाली. तो तिला ओढून नेईना आणि तिच्या बाजूनं उभाही राहीना. मान खाली घालून तो पायऱ्या चढला आणि तसाच शेताकडं निघून गेला.

आप्पासाहेबांना तिला ढकलून पुढं जाता आलं असतं. पण ते मटकन पायरीवर बसले. द्वारकाबाईनं घागर भरली, तर हातानंच त्यांनी तिला लांब राहायला सांगितलं. शेवटी सासू मनकर्णाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पायावर पाणी ओतलं. आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

त्या दिवसापासून त्यांनी द्वारकाबाईच्या हातचं ताट घेणं सोडलं. तिनं वाढलं की ते उठून जायचे. मनकर्णाबाई सुनेला म्हणाल्या, "बये, तू खरं केलं का खोटं, मला उमजना. पन घराचं तोंड फिरवलंस." बद्रीनाथ कामापुरतंच बोलायचा. वस्तीवर तिचं नाव पडलं डॉक्टरनी. ती पाणी गाळत राहिली, पायरीवर बसत राहिली. रानात गडीमाणसं कुठलंही पाणी पितील म्हणून ती त्यांच्या चंबूलाही फडकं बांधून द्यायची. आत मात्र तिला धाकधूक होती. पुढच्या उन्हाळ्यातही नारू निघाला तर? मग सासऱ्याचा अपमान कशापायी केला, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं?

वर्ष सरलं. होळी झाली, ऊन तापू लागलं. उमाबाई वस्तीवर येऊन घरोघरी पाय बघून गेल्या. एकाही पायाला फोड नव्हता. पाडवा गेला, तरी नव्हता. बाया बोलायच्या नाहीत, पण आपल्या पोरांचे पाय चोरून चाचपायच्या. द्वारकाबाईला कधी नव्हे ती झोप लागू लागली.

एका सकाळी तिची लेक कौशी, नऊ-दहा वर्षांची, लंगडत आली. "माय, पायाची लई आग व्हतीय."

द्वारकाबाईनं पाय मांडीवर घेतला. घोट्याच्या वर, टपोरा, पाण्यानं भरलेला फोड. पोरीला तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, कुठं प्याली, कुणाकडं प्याली. कौशीला काय आठवणार! मागच्या उन्हाळ्यात कधीतरी खेळता खेळता ओंजळभर पाणी प्याली असेल.

तिनं पोरीला घरात बसवून ठेवलं, लुगड्याचं फडकं पायाला गुंडाळलं. दुपारी उमाबाई आल्या तेव्हा दाराआड नेऊन तिनं पाय दाखवला आणि हात जोडले.

"बाई, हिला मोजू नका. वस्तीवर कुनाला नाय निघाला, आन् मह्याच घरात निघाला. लोक मला जगू देनार नायत. हिला म्या उद्या माहेरी धाडते. कुनाला कळायचं नाय."

उमाबाईंनी तो पाय हातात घेऊन नीट बघितला. त्यांनाही हा फोड नकोच होता. मग त्या म्हणाल्या, "मोजावं लागेल, द्वारकाबाई. आपल्याला आवडेल तेवढंच मोजलं, तर पुढच्या गावाला मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि हिला माहेरी पाठवलीत, तर तिथं ही आग शमवायला कुठं जाईल?"

द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढं माहेरची विहीर आली, तिथल्या पायऱ्या आल्या, भावाची तान्ही पोरं आली. ती भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी तिनं कौशीला कडेवर घेतलं, बारवेच्या तोंडाशी नेलं आणि पायाचं फडकं सोडलं. "ह्या पोरीला नारू निघालाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिला पान्याजवळ कुनी येऊ देऊ नका. म्या नसंन तेव्हा बी."

"झालं ना!" दगडाबाई म्हणाली. "फडकं बांधून, सासऱ्याला अडवून काय मिळालं?"

"काय मिळालं ते मला बी ठाव नाय अजून."

कौशी पाणी बघून पिसाळली. पाय बुडवू दे, एकदाच बुडवू दे, म्हणून ती आईला बोचकारू लागली. रडून रडून तिचा घसा बसला. तिला तशीच पोटाशी धरून द्वारकाबाई घरी आली, तेव्हा तिच्या मानेवर नखांचे ओरखडे होते.

आप्पासाहेब ओसरीवर बसले होते. नातीचं रडणं त्यांनी बारवेपासून ऐकलं होतं. ते उठले, आणि द्वारकाबाईला वाटलं, आता हे आपल्याला घराबाहेर काढतात. त्यांनी पोरीला तिच्या हातातून घेतलं, आपल्या मांडीवर बसवलं आणि सुनेला म्हणाले, "घंगाळात पानी आन. गाळून आन."

फोड फुटला, किड्यानं डोकं काढलं. उमाबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, काडी बांधून दिली, आणि बजावलं की ओढायचं नाही, जेवढा सुटेल तेवढाच गुंडाळायचा. त्यानंतरचे कितीतरी दिवस घरानं जीव मुठीत धरून काढले. रोज सकाळी आप्पासाहेब नातीचा पाय दोन्ही हातांनी धरायचे आणि द्वारकाबाई काडी फिरवायची. एक दिवस किडा अडला. पोर किंचाळली, पाय झाडू लागली. दोरा ताणला, बारीक झाला. तिला आवडाबाईचा वाकलेला देह दिसू लागला.

"सोड. आज ऱ्हाऊ दे," आप्पासाहेब म्हणाले. "वढू नको. उद्या येईल तो."

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी, गरम पाण्यानं शेकल्यावर, केसभर सुटला. मग हळूहळू येत राहिला, आणि एका सकाळी शेवटचं टोक अलगद बाहेर पडलं. अख्खा निघाला होता. बद्रीनाथ दारात उभा राहून बघत होता. तो आत आला, बायकोच्या हातातली काडी घेऊन त्यानं ती चुलीत टाकली, आणि तिथंच खाली बसून ओक्साबोक्शी रडला.

त्या उन्हाळ्यात वस्तीवर नारू निघाला तो कौशीला आणि चोरून पाण्यात उतरून तिथंच ओंजळीनं पाणी पिणाऱ्या पुंजारामला. बाकी कुणाला नाही. दगडाबाईनं आपण होऊन डॉक्टरीणबाईंकडं नवं फडकं मागितलं. पुंजारामला लोकांनीच बारवेवर येऊ दिलं नाही, त्याचं पाणी त्याच्या दारात नेऊन दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात उमाबाई आल्या तेव्हा त्यांना दाखवायला एकाही घरात दुखरा पाय नव्हता. त्या ऊन डोक्यावर घेऊन शेवटच्या घरापर्यंत फिरल्या, पोरांना ओळीनं उभं करून पाय बघितले, परत आल्या आणि आप्पासाहेबांच्या ओसरीवर टेकल्या.

"आता काय बघायचं ऱ्हायलं, बाई?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काही नाही राहिलं," उमाबाई म्हणाल्या आणि एकदम हसल्या.

द्वारकाबाईनं आतून दोन ताटं आणली, बाजरीची भाकरी, पिठलं आणि कांदा. एक डॉक्टरीणबाईंपुढं ठेवलं, एक सासऱ्यांपुढं. आप्पासाहेबांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "मिरची दे गं एखादी."